बाईचे ४००, गड्याचे ६००, आणि आजोबांचे?

पत्र थोडक्यात, नाव-गाव काढून:

देवगड तालुक्यातले एक आंबा बागायतदार, वय ५४. तीनशेच्या आसपास कलमं, त्यातली खालच्या अंगाची सव्वाशे वडिलांनी १९९२ साली रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून लावलेली. हंगामात दोन महिने ८ गडी आणि ११ बायका कामाला. गड्याला ६०० रुपये हजेरी, बाईला ४००. शेडची सगळी देखरेख २२ वर्षं येणाऱ्या एका जाणत्या बाईकडे, तिला २० रुपये जास्त. 'आमच्या पंचक्रोशीत हाच दर आहे, मी ठरवलेला नाही आणि शेवटी घर तर गडीच चालवतो.' यंदा कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हजेरीची वही मोबाइलवर उतरवून घेतली आणि रात्री जेवताना म्हणाली, बाबा, हे कायद्यात बसत नाही आणि मनालाही पटत नाही. मुंबईत नोकरी करणारा मुलगा फोनवर होता. तो म्हणाला, आता कुठे असा फरक राहिलाय, आमच्या ऑफिसात सगळ्यांना सारखाच पगार, बागेत काम वेगळं म्हणून मजुरी वेगळी. वाद पेटला. मुलगी आठ दिवस धड बोललेली नाही. पत्नी, जी हंगामभर सगळ्यांचा चहा-जेवण बघते, ती त्या रात्री गप्पच होती. ते विचारतात: गडी झाडावर चढतात, जड उचलतात, बायका सावलीत बसून आंबा निवडतात, मग सारखं कसं द्यायचं? दिलं तर शेजारचे बागायतदार वाकडे होतील त्याचं काय? आणि मुलीशी बोलू कसं? जाता जाता एक ओळ अशी, की एक जुने गडी आता ६८ वर्षांचे झालेत, चढवत नाही म्हणून दोन हंगाम शेडमध्ये बायकांबरोबर निवडायला बसतात, 'त्यांचे ६०० चालू ठेवलेत, जुना माणूस आहे, कमी करणं बरं दिसत नाही.'

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं सोपं आहे, कायदा काय म्हणतो ते सांगायचं आणि मोकळं व्हायचं, पण ज्याला खरंच काही वाटत नाही तो माणूस मुलीच्या अबोल्यावर हाताने चार पानं लिहीत बसत नाही, म्हणून जरा निवांत बोलते.

सुरुवात त्या आजोबांपासूनच करते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच त्या एका ओळीत लिहून पाठवलंय. तुमचं म्हणणं असं की काम वेगळं म्हणून मजुरी वेगळी. बरं. मग दोन वर्षांपूर्वी आजोबांचं काम बदललं. ते झाडावरून उतरले आणि त्याच शेडमध्ये, त्याच गोणपाटावर, त्याच राशीसमोर बसले, शेजारी ती २२ वर्षं येणारी जाणती बाई, दोघांच्या हातात तोच आंबा. आजोबांना ६००, तिला ४२०. आणि बहुधा आजोबांना काही अडलं की ते तिलाच विचारत असणार, हा बाजूला टाकू की पेटीत घालू. इथे चढणं नाही, जड उचलणं नाही, मग वरचे १८० रुपये कशाचे? तुम्ही आजोबांचे पैसे कापले नाहीत हे फार बरं केलंत, त्यातून तुमचा स्वभाव कळतो. पण जे एका म्हाताऱ्या गड्याच्या बाबतीत तुम्हाला 'बरं दिसत नाही' ते अकरा बायकांच्या बाबतीत इतकी वर्षं डोळ्यांना खुपलंच नाही, एवढंच तुमची मुलगी सांगतेय. ती तुम्हाला वाईट माणूस म्हणत नाहीये हो.

आता ते 'सावलीत बसून'. दादा, एप्रिलमधली दुपार आणि पत्र्याची शेड, त्याला सावली म्हणायचं का ते तिथे दोन तास बसून ठरवा. चिकाने बोटांची सालं निघतात, संध्याकाळी भाकरी थापताना हात झोंबतात. आणि खालच्या अंगाला काढलेला माल वर शेडपर्यंत कोण आणतं? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी बागांमधनंच वाढलेय, बहुतेक ठिकाणी वीस-वीस किलोचे क्रेट डोक्यावर घेऊन, कातळावरनं पाय सांभाळत बायकाच वर येतात आणि गडी टेम्पोत पेटी चढवतो ते तेवढं 'जड काम' म्हणून मोजलं जातं. तुमच्याकडे तसं नसेल तर चांगलंच आहे. पण एक दिवस उभं राहून बघा.

निवडणं हलकं काम आहे हेही मला मान्य नाही. हातात आंबा आला की खांदे भरलेत का, देठाजवळ खळी पडलीय का, चीक उडालाय का, हा चार डझनांच्या पेटीत जाईल की सहा डझनांच्या, हे ती बाई श्वास घेण्याइतक्या वेळात ठरवते. कोवळा आंबा पेटीत गेला तर तो पिकताना सुरकुततो, एक डागी आत राहिला तर आजूबाजूचे चार घेऊन जातो, आणि वाशीच्या बाजारात पेटी फोडल्यावर तसला माल निघाला की पुढच्या पट्टीत, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या हिशेबात, काय होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. झाडावरचा गडी आंबा पडू देत नाही, शेडमधली बाई तुमचा दर पडू देत नाही. यातलं एक कौशल्य आणि दुसरं 'बसून निवडणं' असं आपण कधी ठरवलं?

हे मला इतकं लागतं त्याला कारण आहे. माझी आई वेंगुर्ल्याकडे एका काजूच्या कारखान्यात सोलायला जायची. भट्टीवरच्या गड्यांना ठरलेला पगार, सोलणाऱ्या बायकांना किलोवर, आणि किलो धरायचा तो फक्त अख्ख्या गराचा, तुकडा झाला तर तो तिच्या खात्यात नाही. बी नीट भाजली गेली नाही तर तुकडा होणारच, म्हणजे भट्टीवर चूक झाली तरी पैसे तिचे कापले जायचे. तिने कधी तक्रार केली नाही. मी लहानपणी विचारलं होतं तर म्हणाली, 'गो, तसोच दर आसा.' तसाच दर आहे. तुमच्या पत्रात तेच वाक्य वाचलं आणि मी थांबले.

तेव्हा या पंचक्रोशीच्या दराबद्दल. कोणी ठरवला तो? तुम्ही नाही, शेजाऱ्याने नाही, बायकांनी तर नाहीच. पण दर शनिवारी तो देता तुम्ही, त्यामुळे कायद्याच्या नजरेत तो तुमचाच. यावर मुंबईतली एक जुनी केस फार बोलकी आहे. ऑड्री डिकोस्टा नावाच्या बाई मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीत स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोंना जास्त, बायकांना कमी. कंपनीचं म्हणणं, या बायका साहेबांच्या खास स्टेनो आहेत, त्यांचा वर्ग वेगळा, आणि दर तर युनियनशी करारात ठरलेला आहे. वर हेही, की कंपनीची परिस्थिती ओढाताणीची आहे. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९८७ साली कोर्टाने यातलं एकही कारण धरलं नाही. काम तेच असेल तर करारात लिहिलं म्हणून कमी देता येत नाही, आणि परवडत नाही हेही कारण चालत नाही. जिथे लेखी करार टिकला नाही तिथे तुमचा-आमचा तोंडी पंचक्रोशीचा दर कसा टिकणार?

कायदा मात्र तुमचंही थोडं ऐकतो, ते सांगायलाच हवं. १९७६ चा समान वेतनाचा कायदा असो की त्याच्या जागी आलेली २०१९ ची वेतन संहिता, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, दोन्हीत 'तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम' असा शब्द आहे, आणि ते ठरवताना कौशल्य, मेहनत, जबाबदारी बघायची असते. म्हणजे उंच कलमावर झेला, म्हणजे आंबा काढायची जाळीची काठी, घेऊन चढणाऱ्या माणसाला जोखमीचे जास्त पैसे देणं चुकीचं नाही, माझ्या मते तर द्यायलाच हवेत, दर हंगामाला कोणीतरी पडल्याचं ऐकतोच आपण. तुमच्या मुलीने जर सगळा २०० चा फरक म्हणजे अन्याय असं म्हटलं असेल तर तिच्याशी इथे जरूर बोला. पण आठही गडी दिवसभर चढतात का? जे खाली काठी धरतात, टेम्पो भरतात, शेडमध्ये खोके ठोकतात, त्यांनाही ६०० च ना?

मुलाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ऑफिसात रुजू होताना मुला-मुलीला एकच पॅकेज मिळतं हे आता बऱ्याच ठिकाणी खरं आहे, आणि त्याच्या आजूबाजूला त्याच्याच वयाची माणसं असणार. त्याला एवढंच सांगा की दहा वर्षांनी परत मोज. क्लॉडिया गोल्डिन या अमेरिकन बाईंना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी धुंडाळल्या. आज जो फरक उरलाय तो बराचसा एकाच पेशातल्या बाई-पुरुषांमधला आहे, आणि तो मोठा होतो पहिलं मूल झाल्यावर, असं त्यांना दिसलं. पगाराच्या पत्रकात हे दिसत नाही, कारण तिथे कोणी 'बाईला कमी' असं लिहिलेलं नसतं. कोण उशिरापर्यंत थांबू शकतो, कोण टूरवर जाऊ शकतो, कोणाला मूल आजारी पडलं की रजा घ्यावी लागते, तिथनं तो फरक हळूहळू वाढत जातो. क्रिकेटचंच बघा, तुमचा मुलगा बघत असेलच. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बोर्डाने जाहीर केलं की बाई असो की पुरुष, टेस्टला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३, मॅच फी एकच. मोठा निर्णय होता, मला फार आनंद झाला होता. पण त्या वेळी वर्षाच्या कराराची सगळ्यात वरची रक्कम पुरुषांना ७ कोटी आणि बायकांना ५० लाख होती. मग पगार सारखा आहे की नाही? काय मोजताय त्यावर आहे. म्हणून घरात वाद घालण्याआधी नक्की काय मोजतोय ते एकदा ठरवून घ्या, अर्धं भांडण तिथेच संपेल.

आणि 'घर गडीच चालवतो' हे वाक्य मात्र कोकणातल्या माणसाने लिहू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे चाकरमानी मुंबईला आणि मागे शेत, गुरं, म्हातारी माणसं, पोरं सगळं बाईवर, अशाच आपल्या आज्या-आया जगल्या. १९८२ चा गिरणी संप झाला आणि किती घरांत मनीऑर्डर यायची बंद झाली, तेव्हा चूल कोणाच्या मजुरीवर पेटली? तुमच्या अकरा बायकांपैकी किती जणी विधवा आहेत, कितीजणींचा नवरा आजारी आहे किंवा पितो, कितीजणी एकट्याच्या मजुरीवर पोरं शिकवतायत, तुम्हाला नावानिशी माहीत असणार. पण खरं तर हा मुद्दाच नको. आजोबांच्या घरी किती माणसं खातात हे विचारून तुम्ही त्यांचे ६०० ठरवलेत का?

आता पैशाचं बोलू, कारण खर्च तुमच्या खिशातनं जायचाय. ११ बायका, प्रत्येकी २०० वाढले तर दिवसाला २,२००, साठ दिवसांचे १ लाख ३२ हजार. रक्कम लहान नाही, थ्रिप्स किडीने अर्धा मोहोर खाल्ला त्या वर्षी तर नाहीच. पण पेटीवर टाकून बघा. दिवसाला ४० पेट्या धरल्या तर पेटीमागे ५५ रुपये. तुमचा खरा आकडा तुम्ही घाला. मार्चच्या पेटीवर हे जाणवणार नाही, मे अखेरीला दर कोसळल्यावर जाणवेल, हे मी कबूल करते.

मार्ग काय काय आहेत? एक जण हमखास सांगेल की मधला आकडा काढा, सगळ्यांना ५००. ते करू नका. गडी दुसऱ्या दिवशी येणार नाहीत हे तर आहेच, पण समान करण्यासाठी कोणाची मजुरी खाली आणायची नाही असं कायद्यातच स्पष्ट लिहिलंय, जुन्याही आणि नव्याही. दुसरा मार्ग प्रत्येक कामाचा वेगळा दर लावायचा. ऐकायला छान, पण त्यात एक खोच आहे, आपण नकळत 'निवडणे ४००, काढणे ६००' असंच लिहून ठेवतो, वहीतला शब्द बदलतो आणि शनिवारचा लिफाफा तोच. मला विचाराल तर हजेरीचा पाया सगळ्यांना एकच ठेवा, ६००. त्यावर जो प्रत्यक्ष झाडावर चढतो त्याला त्या दिवसाचे जोखमीचे वेगळे, ५० म्हणा, १०० म्हणा, तुमच्या ऐपतीप्रमाणे. म्हणजे चढणाऱ्यांची कुरकुर राहणार नाही. आणि शेडची जबाबदारी ज्या बाईवर आहे तिला मुकादमाचे म्हणून वेगळे, २० रुपये नव्हेत, मुकादम गडी असता तर जे दिले असते ते. यंदा एकदम ओढ बसत असेल तर बचत दुसरीकडे शोधा, पण 'यंदा ४५०, पुढच्या वर्षी बघू' असं सुरू करू नका, कारण ते पुढचं वर्ष येत नाही, मी पाहिलंय.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. तुमच्या वडिलांनी १९९२ ला जी सव्वाशे कलमं लावली ती रोजगार हमीत. त्या कामाला बाई-गडी असा दरच नव्हता, खड्ड्याला दर होता, खड्डा कोणीही खणो. त्याच कलमांचा आंबा आज तुमच्या पेटीत जातोय.

शेजारी वाकडे होतील का? एक-दोघं होतील. 'तुम्ही दर फोडलात' म्हणतील. त्यांना शांतपणे आठवण करून द्या की ऐन हंगामात चढायला माणूस मिळेना तेव्हा प्रत्येकाने नेपाळी गुरख्यांना शंभर-शंभर वाढवून दिले, शेजाऱ्याच्या बागेतला माणूस आपल्याकडे आणला, तेव्हा दर फोडला असं कोणी म्हणालं नाही. गड्याचा दर वाढला की तो बाजार आणि बाईचा वाढला की ते फोडणं, असं कसं? लपवायला जाऊ नका, संध्याकाळी एसटीत बसायच्या आत सगळ्या वाडीला कळलेलं असेल. उलट हंगामाआधी ज्या दोघांशी तुमचं पटतं त्यांना घरी बोलवा, पेटीमागचा हिशेब दाखवा, तिघांनी मिळून केलं तर चौथा येतोच. आणि एक व्यवहाराची गोष्ट, आता बायकाही कमी मिळायला लागल्यात, काजूच्या कारखान्यात जातात, तारकर्लीकडे होमस्टेत जातात. चांगली निवडणारी बाई टिकवायची असेल तर तिला परवडायला हवं.

होमस्टेवाले, मासळी सोलायची शेड चालवणारे, काजूवाले, दुकानदार, जे कोणी हे वाचतायत त्यांनाही हेच सांगते. आपल्या वहीत बघा, बाईचं काम पुरुषाने केलं असा एखादा दिवस सापडतो का, आणि त्या दिवशी त्याला काय दिलंत. किलोवर देत असाल तर ज्या चुकीत तिचा हात नाही त्याचे पैसे तिच्याकडून कापता का तेही बघा. आणि मजुरीवर जाणाऱ्या बायांनो, आपली हजेरी आपल्या वहीत लिहून ठेवा, तारीख, तास, काय काम केलं, किती मिळाले. एकटीने विचारायला जाऊ नका, चौघी-पाचजणी मिळून जा, आणि विचारताना 'आम्हाला वाढवा' म्हणण्यापेक्षा 'या कामाचा दर किती' असं विचारा. तरीही ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या कामगार ऑफिसात अर्ज देता येतो.

राहिली तुमची मुलगी. तिला समजवायला जाऊ नका, तिला काम द्या. उद्या संध्याकाळी ती वही घेऊन तिच्यासमोर बसा आणि सांगा की गेल्या हंगामातला प्रत्येक माणूस रोज नक्की काय करत होता ते लिहू, चढला किती दिवस, वाहिलं कोणी, निवडलं कोणी. तुम्हाला जे माहितेय ते तिला माहीत नाही, आणि तिला जे दिसतंय ते तुम्हाला सवयीने दिसेनासं झालंय. वाटलं तर त्या जाणत्या बाईंनाही बोलवा, त्यांच्याइतकं शेडमधलं कोणालाच ठाऊक नसेल. त्या आधी लाजतील, नको म्हणतील. त्यांना खुर्ची द्या आणि थांबा.

आणि वहिनी. त्या रात्री त्या गप्प होत्या असं तुम्ही लिहिलंत आणि पुढे गेलात. १९ माणसांचं जेवण, दोन वेळचा चहा, साठ दिवस, पहाटे किती वाजता उठतात त्या? वहीत त्यांचं नाव कुठल्याच पानावर नसणार. मुलगी लिहायला बसेल तेव्हा पहिली ओळ त्यांची घाला, आणि त्या काय म्हणतात ते मला कळवा.